चतुराबाईनं न विकलेली जाळी

तळेगावच्या फाट्यावरून गावात शिरलं की डाव्या हाताला टिनाचा एक शेड लागतो. बाहेर तारेची भेंडोळी, आत खडखडाट, दाराशी पाण्याचा माठ. माठ गिऱ्हाइकांसाठीच आहे, पण पाणी घशाखाली उतरायच्या आत तुमची उलटतपासणी सुरू झालेली असते. जाळी कुठं लावणार, तिथं पाणी साचतं का, ढोरं बांधता का, खत टाकता का. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "बाई, जाळी देऊन राह्यल्या का पोरगी?" आतून उत्तर आलं, "पोरगी देली तर खुशालीची तरी खबर येते. जाळी जंगून वापस आली तर मी कुठी तोंड लपवू?"

ही चतुराबाई. जंग म्हणजे गंज, आणि या बाईचं सगळं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात गेलं आहे. उरलेला वेळ ती माणसांशी भांडते.

मी चंद्रभान. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि आठवडी बाजारात विकायला बसतो. माझ्या वावराला तिची जाळी आहे, तेव्हा तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. ती तसं समजत नाही. पण ती काही हे वाचायला बसणार नाही, तिला कामं आहेत.

माझीच गोष्ट आधी सांगून टाकतो. रानडुकरांनी वांग्याचं वावर उकरून टाकलं, तेव्हा मी वर्धेहून स्वस्तातली चकचकीत तार आणली आणि तिच्यापुढे टाकली, म्हटलं एवढी विणून दे. तिनं एक जाड खिळा घेतला, तारेचं टोक त्याच्याभोवती घट्ट गुंडाळलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. गुंडाळलेल्या तारेवरून चांदीसारखे पापुद्रे सुटत होते.

"हे जस्त नाई चंद्रभानभाऊ, हे पावडर हाय. पावडर लावून लग्नात जाव, वावरात नाई."

मी तार परत करायला पुन्हा बसनं वर्धेला गेलो. दुकानदारानं मला किती ऐकवलं ते सांगत नाही. पण नंतर तिनं विणलेली जाळी आजही तशीच आहे, आणि रानडुकरं आता शेजाऱ्याच्या वावरात जातात.

चतुराबाईचं माहेर पवनारचं, धाम नदीच्या काठचं. बाप बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, विणायचा. सुतळीचा ताण कुठं जास्त झाला, कुठं ढिला राहिला, हे त्याला बोटांनी कळायचं आणि ते त्यानं पोरीच्या बोटांत उतरवलं. लग्न होऊन ती तळेगावात आली तेव्हा नवरा, म्हणजे आमचा ओमप्रकाश, फाटकं आणि खिडक्यांचे गज वेल्डिंग करून द्यायचा. वर्धेत एक बंद पडलेला कारखाना मोडीत निघाला. त्यातून त्यानं जाळी विणायचं हातयंत्र, जाड तारेला नागमोडी करणारे रूळ आणि पत्र्याला छिद्रं पाडायचं दाबयंत्र असा सगळा संसार उचलून आणला. आणला खरा, पण त्यानं विणलेली पहिली जाळी एका अंगाला अशी कलली की तिच्यासाठी तिरकं वावर शोधायची पाळी आली. चतुराबाई भाकरी टाकता टाकता दारातून बघत होती. पिठाच्या हातानं बाहेर आली, म्हणाली, "ताण सारखा नाई," आणि यंत्राची दांडी धरली. ती दांडी नंतर ओमप्रकाशच्या हाती परत गेली नाही. तो अजून वेल्डिंग करतो आणि बायकोनं दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढतो. दुसऱ्या कामात त्याला जास्त घाम येतो.

तिच्या प्रत्येक जाळीच्या कोपऱ्यात टिनाची एक छोटी चकती बांधलेली असते. चकतीवर खिळ्यानं टोचे मारून ‘चतुरा’ असं नाव काढलेलं. गंमत अशी की टोचे मारले तिथलं जस्त निघून जातं, त्यामुळे दोन पावसाळ्यांत जाळी पांढरी आणि नाव तांबडं दिसायला लागतं. मी एकदा तिला चिडवलं, की बाई, तुझ्या नावालाच पहिले जंग चढते. ती म्हणाली, "चढू द्या. नाव जंगलं तर चालते."

वर्धेच्या एका मोठ्या दुकानदारानं तिला सांगून पाहिलं, की चकती तेवढी बांधू नका, सगळी जाळी मीच उचलतो. ती म्हणाली, "बिननावाचं पाह्यजे तर तार घेऊन जा. तारेवर कोणाचंच नाव नसते." ओमप्रकाश त्या दिवशी जेवला नाही. चतुराबाई जेवली आणि वरून त्याच्या वाटचं वरणही संपवलं.

आता तिच्या उकंड्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं.

आमच्याकडे शेणाच्या खड्ड्याला उकंडा म्हणतात. ओमप्रकाश आणि त्याचा थोरला भाऊ वेगळे झाले, चुली दोन झाल्या, पण उकंडा एकच राहिला. वर्षभर शेण, ढोरांचं मूत, राख, केरकचरा त्यात पडतो, पावसाचं पाणी मुरतं आणि उन्हाळ्यात सगळं खत उकरून वावरात जातं. नवीन तार आली, नवीन पत्रा आला, की चतुराबाई त्याचा एक तुकडा या उकंड्यात पुरते. खत निघतं तेव्हा तो तुकडा निघतो. ती तो धुते, उन्हात धरून बघते, आणि त्या मालाचं काय करायचं ते ठरवते. ढोरांच्या मुतात जे टिकलं ते कुठंही टिकतं, असं तिचं म्हणणं. सगळा गाव हसतो. तिची थोरली जाऊ सीताबाई हसत नाही, कारण खत उकरताना तारा तिच्या फावड्यात अडकतात.

"चतुरा, लोकायच्या उकंड्यात खत निघते, आपल्या उकंड्यात हार्डवेअरचं दुकान निघते!"

"निघू द्या बाई. खत तुमचं, दुकान माझं."

अशा या दोघी जावा. भांडतात, पण एकीच्या घरी पाटवड्या झाल्या तर दुसरीच्या घरी वाटी जातेच.

सीताबाई बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. माझी बायको शालू त्याच गटात. गटानं बकऱ्या पाळायचं ठरवलं. बकरी ओल्यात उभी राहिली की तिचे खूर सडतात, म्हणून जमिनीपासून उंच, खाली छिद्रं असलेला मजला करायचा, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडेल आणि वर कोरडं राहील. प्रश्न एवढाच होता की मजल्याला काय टाकायचं. एक माणूस नमुना घेऊन आला. जस्त चढवलेल्या पत्र्याला यंत्रानं ओळीनं गोल छिद्रं पाडलेली, आरशासारखा लखलखीत पत्रा. समाजमंदिरात बैठक भरली, चतुराबाईलाही बोलावलं होतं, आणि सतरंज्या उचलायला शालूनं मला नेलं. बैठकीत पुरुष म्हणून मी एकटाच होतो आणि मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्यामुळे सगळं नीट ऐकलं.

पत्रा हातोहात फिरला. बायका त्यात तोंड बघू लागल्या. चतुराबाईकडे आला तेव्हा तिनं तोंड नाही बघितलं, एका छिद्राच्या कडेवर नख फिरवलं.

"हा टाकू नका."

"काऊन?" सीताबाईनं विचारलं.

"पहिले जस्त लावलं, मंग छिद्रं पाडली. भाकरीले तूप लावून तिचे तुकडे केले तर कडेले तूप राह्यते का? वरून तूप, खालून तूप, कडेले कोरडं. या पत्र्याले जेवढी छिद्रं, तेवढ्या कोरड्या कडा. अन् बकऱ्यायचं मूत जाईन कुठून? छिद्रातूनच."

"मंग कोणता टाकाव?"

"काळा पत्रा घ्या, पहिले छिद्रं पाडा अन् मंग जस्ताच्या हौदात बुडवून आणा. नागपूरकडे बुडवून भेटते. नाईतर जस्ताच्या जाड तारेची विणलेली जाळी टाका."

इथं शालूनं हात वर केला. माझी बायको घरात प्रश्न विचारते तेव्हा मी बाहेर निघून जातो. तिथं जायला जागा नव्हती.

"पण चतुराबाई, तारेलेही जस्त पहिलेच लावलेलं असते ना? तुमी थे मंग विणता. मंग तारेले चालते अन् पत्र्याले काऊन नाई?"

"सरगुंडे करता ना तुमी? काडीवर गुंडाळता तवा पीठ तुटते का? वळते. तार बी वळते, कापत नाई. तिचं जस्त तिच्या अंगावरच राह्यते. टोकं तेवढी कापली जाते, तिथं मी जस्ताचा रंग लावतो. पत्र्याचं तसं नाई, त्याच्यातून तुकडाच काढून फेकला जाते."

"पण मळणीयंत्राच्या चाळण्या तर तुमी याच पत्र्याच्या करता. मीच पाह्यल्या!"

सगळ्या बायका चतुराबाईकडे बघू लागल्या. ही गोष्ट खरी होती. तिच्या शेडात त्याच जातीच्या पत्र्याला छिद्रं पडत, आणि त्या चाळण्या गावोगाव जात.

"सोयाबीन कोरडं असते वो शालूबाई," ती म्हणाली. "सोयाबीन मुतत नाई."

दोघीतिघी हसल्या, सीताबाई नाही हसली. तिनं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "चतुरा, राग येऊ देजो नको. पण काळा पत्रा नागपूरले पाठवा, बुडवा, वापस आणा, एवढी उस्तवार कोण करते? राह्यली तुही जाळी. मंजे फिरून फिरून तुह्याच दुकानात यायचं. तुले आपली जाळी खपवायची हाय, थे सरळ सांग ना."

मी चतुराबाईला पुष्कळदा चिडलेली पाहिलं होतं. त्या दिवशी ती चिडली नाही, तिचा चेहराच उतरला. जिनं नावासाठी दुकानदार हाकलला, तिला घरच्याच माणसानं भर सभेत विकाऊ ठरवलं. बरं, खोडून काढायचं तरी कसं? जाळी तर ती विकतच होती. खरं बोलून तिचा फायदा होणार होता, एवढाच तिचा गुन्हा. मला फार वाईट वाटलं, पण मी सतरंजीवाला.

ती उठली. पदर खोचला.

"ठीक हाय. आजपासून या गटाले मी एक वीत जाळी विकणार नाई. मागायले आल्या तरी नाई. वर्धेहून घ्या, अमरावतीहून घ्या, मले काई नाई पाह्यजे. आता तर माह्यावाला फायदा नाई ना? आता आयका. हा पत्रा टाकू नका."

पत्रा टाकला गेला. बहुमत होतं.

ओमप्रकाशनं कपाळावर हात मारला. गटाचं काम म्हणजे त्यांच्या शेडाचं सगळ्यात मोठं काम झालं असतं. "कोणता दुकानदार गिऱ्हाइकाले असा हाकलते बाप्पा?" तो माझ्याकडे येऊन रडला. मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

मजला बसवायच्या दिवशी मात्र ती तिथं हजर. पत्रा खांबापाशी कापावा लागला, एक तुकडा उरला. तिनं तो सगळ्यांदेखत उचलला, फावडं घेतलं आणि उकंड्यात नेऊन पुरला. "उन्हाळ्यात भेटू," असं त्या तुकड्याला म्हणाली की सीताबाईला, ते कळलं नाही.

गोठा देखणा झाला होता, खोटं कशाला बोलू. बकऱ्या चालल्या की खुरांचा टकटक आवाज यायचा आणि ऊन पडलं की खालचा पत्रा डोळ्यांवर चमकायचा. सीताबाईची काबरी नावाची बकरी त्यात पाटलीण होती. आई मेलेलं पिलू सीताबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. सीताबाई दिसली की ती ओरडायची आणि हाक मारली की तोंड वर करायची.

उन्हाळा आला. खत निघणार म्हणून उकंड्यावर ही गर्दी. पोळ्यालाही आमच्याकडे एवढी माणसं जमत नाहीत. फावडं लागलं, तुकडा निघाला. चतुराबाईनं तो बादलीत धुतला आणि वर धरला.

पत्रा ठणठणीत होता. लाल ठिपकासुद्धा नाही.

लोक फिदीफिदी हसले. सीताबाईनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. एक टारगट म्हणाला, "चतुराबाई, उकंड्यालेच जंग लागला!" मला वाटलं, आता ही तुकडा फेकून देईल आणि घरात जाऊन बसेल. मी तेच केलं असतं.

तिनं काय केलं, तो तुकडा नेऊन स्वतःच्या शेडाच्या दारात टांगला. माठाच्या बरोबर वर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. गिऱ्हाईक विचारायचं, हाच का तो पत्रा, जो तुम्ही खराब सांगितला होता? ती म्हणायची, "हाव. वर्षभर उकंड्यात होता. असा निघाला." काहीजण हे ऐकून जाळी न घेताच परत जायचे, म्हणायचे, मग आम्हीही तो पत्राच नेतो. ओमप्रकाशनं हात जोडले, "काढ वो थो तिथून, धंद्याले अवदसा टांगून ठेवली."

"मी खराब म्हटलं, थो चांगला निघाला. लपवू कायले? जंग लागला असता तर टांगला असताच ना? मंग आता बी टांगीन."

मला तिचा रागही आला आणि तिच्याबद्दल अभिमानही वाटला. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्याच दारात टांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी गेलो, माठातलं पाणी प्यालो आणि म्हणालो, "बाई, हरली म्हण ना एकदा. सुटशीन."

"हरली नाई भाऊ, थांबून राह्यली. इकडे या." तिनं माझं बोट धरून छिद्राच्या कडेवरून फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. "हे काय हाय सांगा. जस्त हाय. कड उघडी पडली तर बाजूचं जस्त तिच्यासाठी मरते. आपण झिजते, तिले वाचवते. मले हे समजलं नव्हतं, मले वाटलं वर्षात जंगन. पण थे मरून राह्यलं, पाहा ना. संपलं का मंग कोण वाचवणार?"

"हे गावाले सांग ना मग."

"गावाले मी काई सांगत नाई. गाव मले दुकानदार म्हणते."

मृग लागायच्या आत तिनं तुकडा उतरवला आणि पुन्हा उकंड्यात पुरला. यावेळी बघायला कोणी आलं नाही. मी आलो होतो, पण मी कोथिंबिरीची जुडी द्यायच्या निमित्तानं आलो होतो. आमच्यात सांभार म्हणतात तिला, मघाशी सांगितलंच.

तो पावसाळा गेला, हिवाळा गेला. पुढच्या उन्हाळ्यात खत काढायच्या सुमारास सीताबाईची सून बाळंत झाली, घरात धावपळ, खत निघालंच नाही. तुकडा आतच राहिला. चतुराबाईनं चौकशीही केली नाही. आणि मग पाऊस नीट बसल्यावर, श्रावणातल्या एका सकाळी, सीताबाईची किंकाळी ऐकू आली.

आम्ही धावलो. गोठ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं सगळ्या बकऱ्यांचं मूत उतारानं येऊन निथळायचं, तिथला पत्रा काबरीच्या पायाखाली फाटला होता. मागचा एक पाय मांडीपर्यंत आत गेलेला. ती गाभण होती, पोटाचं ओझं त्या फटीवर आलेलं, आणि ती सुटायला झटका मारायची तसतसं पत्र्याच्या दातेरी कडा पायात घुसत होत्या. सीताबाई तिचं तोंड कुशीत धरून "नको हलू माय, नको हलू" म्हणत बसली होती. आम्ही चारजण होतो, पण कोणाचंच डोकं चालेना. ओढलं तर पाय कापला जाणार होता.

चतुराबाई पत्रा कापायची कातर घेऊन आली. गोठ्याखाली, लेंड्यांच्या चिखलात, पाठीवर झोपून शिरली आणि खालून पत्रा कापत गेली. वरून तिच्या तोंडावर काय काय पडत होतं ते सांगायला नको. पत्रा सैल झाला, काबरीचा पाय मोकळा झाला. हाड मोडलं होतं, पण पाय शाबूत होता. ढोरांच्या डॉक्टरनं बांबूच्या चिपा बांधल्या. काबरी जगली, पुढे तिला दोन पिलंही झाली. ती लंगडत चालते.

पत्रे उलटून पाहिले तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. वरची बाजू छिद्रांच्या मधे अजून चमकत होती. पण कोपऱ्यातल्या पत्र्यांच्या कडा खाऊन खाऊन दोन छिद्रांमधलं लोखंड कागदाएवढं उरलं होतं, काही ठिकाणी छिद्रं एकमेकांना मिळाली होती. हाताच्या दाबानं तुकडे पडत होते. बायकांनी त्याच दिवशी बकऱ्या बाहेर काढल्या आणि आपापल्या घरी, ओल्यात, बांधल्या.

"उकंड्यातला काढून पाहाचा का?" शालूनं हळूच विचारलं.

"आता कायले?" सीताबाई म्हणाली. "गोठ्यातच निघाला ना."

दोन दिवसांनी अख्खा गट चतुराबाईच्या शेडापुढे उभा. बकऱ्यांचे खूर सडायच्या आत मजला हवा होता. सीताबाई पुढे झाली.

"चतुरा, जाळी दे."

यंत्राची खडखड थांबली नाही. "विकणार नाई म्हटलं होतं ना बाई."

"आता किती राग धरशीन? पाया पडू का तुह्या? माफी मागतो."

मग मात्र तिनं दांडी सोडली आणि बाहेर आली. "माफी कायची? तुमी मले खोटारडी नव्हतं म्हटलं, दुकानदार म्हटलं होतं. थे तर मी हावच. पण आता विकली तर काय होते? तुमी त्या दिवशी बोलल्या थे खरं होते. बकरीचा पाय मोडेपर्यंत वाट पाह्यली अन् मंग आपली जाळी खपवली. मी मरीन, पण थे खरं होऊ देणार नाई."

ओमप्रकाश वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून बायकोकडे असा बघत होता की मला त्याची दया आली. सीताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची बकरी लंगडी झाली होती, जावेनं चिखलात लोळून तिला वाचवलं होतं, आणि आता तीच जाऊ दार लावून घेत होती. ती वळली.

"कुठी चालल्या?" चतुराबाई ओरडली. "विकणार नाई म्हटलं. विणू देणार नाई असं कवा म्हटलं? वर्धेहून तार आणा, तुमाले पाह्यजे त्या दुकानातून आणा. यंत्र इथं हाय. हात तुमाले देवानं देले हाय. विणून घ्या अन् घेऊन जा."

तार आणायला सीताबाई आणि शालू गेल्या. पहिलं भेंडोळं आलं, चतुराबाईनं जाड खिळा काढला, तार गुंडाळली, पापुद्रे सुटले. "वापस." दुसऱ्या वेळी सीताबाई घरातून निघतानाच खिळा कमरेला खोचून गेली. शालू सांगते, त्या दुकानात तिनं एकेक भेंडोळं काउंटरवर घेऊन तार गुंडाळून बघितली, दुकानदार म्हणाला, बाई, तुम्ही तळेगावच्या का? तिकडची एक अशीच येते. सीताबाई म्हणाली, "थे माही जाऊ हाय," आणि पुढचं भेंडोळं मागितलं.

मग शेडात बायकांचा राबता सुरू झाला. रुळातून तार नागमोडी होऊन निघायची, लाकडी चौकटीवर एक उभी, एक आडवी, एक वर, एक खाली. बाजेसारखंच, फक्त सुतळीऐवजी लोखंड. हातांना फोड आले. शालूनं घरी स्वयंपाक करायला नकार दिला आणि मी वांगी विकायच्याऐवजी भाजून खाल्ली. चतुराबाई एका बाजूला स्टूलावर बसून नुसती ओरडायची. "ताण पाहा! ताण! कडेची तार कापली, रंग कोण लावन, तिचा मामा?" दात घासायच्या जुन्या ब्रशानं बायका कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग लावायच्या. तिनं स्वतः एका तारेला हात लावला नाही. लावायची फार इच्छा होत होती, ते तिच्या बोटांकडे बघून कळायचं.

शेवटची चौकट झाली. बाभळीच्या फळ्यांवर ती बसवायला माणसं उभी होती. सीताबाईनं खिळ्याला टांगलेली ‘चतुरा’ नावाची एक चकती काढली आणि जाळीच्या कोपऱ्याला बांधू लागली. चतुराबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"विणली कोणं?"

"आमी."

"मंग माह्यं नाव कायले?" तिनं एक कोरी चकती, खिळा आणि हातोडी सीताबाईच्या मांडीवर ठेवली. "तुमचं टाका."

सीताबाई घाबरली. खरंच घाबरली. बैठकीत मोठ्या आवाजात बोलणारी बाई कोऱ्या टिनाकडे बघून म्हणाली, "अन् उद्या जंगली तर?"

"तर लोकं तुमाले बोलन. मले लय बोलले."

सीताबाईनं जाळीकडे बघितलं. मग खाली बसली आणि ठोकायला लागली. टोचे वाकडेतिकडे पडत होते, पहिलं अक्षर तर उलट्या कोयत्यासारखं निघालं, पण ती थांबली नाही. ‘सीता’ झालं, तिनं चकती बांधली, तार पिळून घट्ट केली. माणसांनी चौकट उचलली.

आम्ही सगळे गोठ्याकडे निघालो, सीताबाई आली नाही. मी वळून पाहिलं. तिनं कापून उरलेला जाळीचा एक तुकडा जमिनीवरून उचलला, भिंतीला टेकलेलं फावडं घेतलं आणि कोणालाही न विचारता उकंड्याकडे चालू लागली.

शेडाच्या दारातून चतुराबाईचा आवाज आला, अख्ख्या तळेगावाला ऐकू जाईल असा.

"खोल पुरजा वो बाई!"